सांगेल ते लिही

बाईंनी वाचणं थांबवलं, आणि त्यानंतर कुणीच काही बोललं नाही.

शांतता मला अंतरांनी कळते. कोण कुठं बसून, किती लांबून गप्प आहे, यावरून. त्या संध्याकाळी आमच्या क्वार्टरच्या बाहेरच्या खोलीत चौघं जण गप्प होती. पाटणकर बाई माझ्यासमोर, हातातले कागद उगाच सारखे करत. आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी. तिच्या बांगड्या वाजता वाजता राहिल्या होत्या. अण्णा खिडकीपाशी, कामावर निघण्याच्या बेतात, पायांत बूट. आणि माझ्या डाव्या हाताला, टेबलाच्या कोपऱ्यावर, सुतारांची जयमाला, जिचा श्वाससुद्धा ऐकू येत नव्हता. बाहेर साखर कारखान्याच्या यार्डात उसाच्या गाड्या वजनकाट्यापाशी खोळंबल्या होत्या. एखाद्या बैलानं मान हलवली की घुंगरांचा आवाज खोलीत येई आणि आमच्यामधल्या शांततेवरून घरंगळत निघून जाई.

बाईंनी जे वाचलं ते माझं होतं. दहावीच्या परीक्षेसाठी घरी घेतलेला सराव पेपर, त्यातला निबंध, आवडत्या ऋतूवरचा. मी सांगितलेला आणि जयमालानं लिहिलेला. तो असा होता : ‘हिवाळा मला आवडतो कारण, थांब, कारण नको, हिवाळ्याच्या पहाटे धुकं पडतं. धुकं मला दिसत नाही पण, हे लिहू नको, आई कुकर झाला बघ, धुक्याला एक वास असतो. काय बरं पुढं.’

“जयमाला,” बाई अखेर म्हणाल्या, “हे काय लिहिलंयस तू?”

“त्यानं सांगितलं ते.”

“हे सगळं?”

“हेडसर म्हणाले होते, सांगेल ते लिही.”

“अगं, ‘हे लिहू नको’ असं तो म्हणतोय. तेसुद्धा लिहिलंस?”

“सांगितलंच की त्यानं,” जयमाला म्हणाली. तिच्या आवाजात उर्मटपणा नव्हता, ओशाळलेपण तर नव्हतंच.

मग आईच्या बांगड्या वाजल्या. हिच्यानं हे होणं कठीण दिसतंय, परीक्षा तोंडावर आली, आधीचा तो प्रसन्नच बरा होता, पुन्हा त्यालाच घेता नाही का येणार, असं ती बाईंना अजिजीनं सांगू लागली. बाईही होकाराच्या सुरात काहीतरी म्हणाल्या असाव्यात. तेवढ्यात पाळीचा भोंगा झाला. अण्णा दाराकडं निघाले आणि जाता जाता एवढंच बोलले, “हीच राहू दे.”

अण्णा कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट होते. त्यांचं बोलणं नेहमीच मोजून घेतल्यासारखं असे, आणि एकदा बोलले की त्यात कुणी भर घालत नसे.

*

आठवीत माझ्या फळ्याच्या कडा विरघळल्या, नववीत फळाच गेला. डोळ्यांमागचा पडदा वाळत चाललाय, असं मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं, आणि तो वाळून पूर्ण व्हायला फारसा वेळ लागला नाही. अक्षरं मला आठवत, दिसत मात्र नसत. ठिपक्यांची लिपी शिकवणारं आमच्या कॉलनीत कुणी नव्हतं. मग आई धडे वाचून दाखवी, आणि तिला वेळ मिळे तो भाज्या निवडताना किंवा फोडणी टाकताना. त्यामुळं माझ्या भूगोलाला मेथीचा वास होता आणि नागरिकशास्त्राला जिऱ्या-मोहरीचा.

परीक्षेत मी तोंडी सांगायचं आणि माझ्याहून खालच्या इयत्तेतल्या कुणीतरी ते लिहायचं, अशी सवलत होती. अशा लिहिणाऱ्याला लेखनिक म्हणत. आमच्या हेडसरांनी नववीतला सगळ्यांत हुशार मुलगा, प्रसन्न, मला दिला. मुलगा मनाचा फार चांगला होता. त्याचं पेन माझ्या शब्दांच्या पुढं धावायचं. मी वाक्य संपवून थांबलो तरी ते चालूच असायचं. काय लिहितोस, असं विचारलं तर म्हणायचा, “अरे, तू म्हणालास तेच, जरा नीट करून.”

पूर्वपरीक्षेत मी शाळेत दुसरा आलो. आईनं मारुतीला नारळ फोडला. शेजारच्या क्वार्टरमधल्या बायका येऊन माझ्या डोक्यावरून हात फिरवून गेल्या. अण्णांनी सगळे आकडे एका बैठकीत ऐकून घेतले आणि विचारलं, “ह्यातले तुझे किती?”

मला उत्तर देता आलं नाही. लपवण्यासारखं काही नव्हतं. मला खरोखरच ठाऊक नव्हतं.

दहावीनंतर माझं काय, हा प्रश्न आमच्या घरात तेव्हा नुसता पडून असे, वाळत घातलेल्या आणि काढायचा राहिलेल्या कपड्यासारखा. मिरजेला एका प्रशिक्षण केंद्रात माझ्यासारख्यांना खुर्च्या विणायला शिकवत आणि बारा महिन्यांनी कुठंतरी चिकटवूनही देत. अण्णा तिथं जाऊन चौकशी करून आले होते. आईला मी सांगलीच्या कॉलेजात जायला हवा होतो. मलाही तेच हवं होतं, इतकं की ते बोलून दाखवायची भीती वाटे. पाटणकर बाईंनी ऑफ तासाला काही नव्या कविता वाचून दाखवल्या होत्या, ज्यांत यमक नव्हतं आणि वाक्यं मध्येच तुटत होती. त्या तुटलेल्या जागी मला पहिल्यांदाच उजेडासारखं काहीतरी जाणवलं होतं. ते जिथं मिळतं तिथं मला जायचं होतं. अण्णा आईला म्हणत, “निकाल लागू दे, मग बघू.” आईनं त्याचा अर्थ लावला होता : पहिला वर्ग मिळाला तर सांगली, नाही तर मिरज. मीही तोच धरून चाललो होतो.

आणि अशा वेळी हेडसरांनी लेखनिक बदलला. मंडळाचा नियम, एवढंच त्यांनी सांगितलं. प्रसन्नच्या जागी जयमाला आली. वडील कारखान्याच्या सुतारखात्यात, अक्षर वाटोळं आणि स्वच्छ, बाकी वर्गात तिचं नाव हजेरीपुरतं. बाईंनी आईला ही माहिती दिली तेव्हा त्यांचा स्वर सांत्वनाला आल्यासारखा होता.

*

त्या निबंधानंतरचे काही दिवस मी तिच्यावर धुमसत होतो. तिच्यासमोर बोलणं म्हणजे ओल्या सिमेंटवरून चालणं. पाऊल पडलं की उमटलं. ‘अं’ म्हणायची सोय नव्हती. ‘म्हणजे’ म्हणायचीसुद्धा नव्हती, कारण तेही वहीत जाऊन बसे. हळूहळू मी वाक्य आधी आत जुळवू लागलो. ते पुरतं उभं राहीपर्यंत ओठ मिटून बसायचो, मग एकदम सांगायचो, स्वल्पविरामासकट. अशा वेळी आई आतून विचारी, “निवास, झोपलास का रे?”

“नाही, वाक्य करतोय.”

“मग गरम गरम दे मला एक,” आई म्हणायची, आणि जयमालाच्या नाकातून हसू फुटल्याचा बारीक आवाज यायचा. तो तिनं कधी लिहिला नाही.

वाचनही आता तिच्याकडं आलं. शाळा सुटली की ती यायची, दप्तर टेकवायची आणि सुरू करायची. तिच्या वाचनात चढउतार नसे. पानिपत आणि पाचनसंस्था एकाच सुरात. पण ती एक अक्षर गाळत नसे. धड्याखालच्या टिपा वाचायची, कंसातलं वाचायची, आणि ‘आकृती पहा’ असं आलं की तेही वाचायची आणि मग क्षणभर थांबायची, जणू मला पाहायला वेळ देत. पहिल्यांदा ती थांबली तेव्हा मला राग आला. नंतर मी त्या क्षणांची वाट पाहू लागलो. त्या थोड्या अवकाशात मी डोळ्यांच्या आतल्या फळ्यावर काहीतरी काढून घ्यायचो, आणि माझं झालं की कसं कोण जाणे तिला कळायचं, ती पुढं जायची.

मार्च जवळ आला. गाळप संपत आलं होतं; यार्डातली घुंगरं विरळ झाली, मळीचा आंबूस वास मात्र तापत्या हवेत आणखी दाट झाला. आम्ही आता पेपरामागून पेपर सोडवत होतो. एका दुपारी इतिहासाचं उत्तर सांगता सांगता मी मध्येच थांबलो आणि म्हणालो, “नाही, हे खोड. आधीचा तह वेगळा.” तिनं खोडलं. थोड्या वेळानं पुन्हा तसंच झालं. तिनं पेन खाली ठेवलं.

“तू पेन ऐकतोस का?” तिनं विचारलं.

“म्हणजे?”

“काही नाही.”

मग मला उमगलं. मी चुकीचं सांगितलं की तिचा हात किंचित मंदावत होता, आणि माझा कान माझ्या नकळत ते टिपत होता. मला स्वतःला पत्ता नसलेली ही गोष्ट तिनं पकडली होती. दुसऱ्या दिवसापासून तिचं पेन बदललं. पेन तेच होतं, चाल बदलली. बरोबर असो वा चूक, ते एकाच गतीनं चालत राही, कॉलनीतल्या पिठाच्या गिरणीच्या पट्ट्यासारखं. मी मुद्दाम एकदा राजधान्यांची अदलाबदल करून पाहिली. पेन जराही अडखळलं नाही. उत्तर संपल्यावर तिनं नेहमीचंच विचारलं, “वाचून दाखवू?”

प्रत्येक उत्तरानंतर ती हे विचारत असे. मी हो म्हटलं की सगळं वाचून दाखवी, त्याच सपाट सुरात. त्यापलीकडं तिच्याकडून काही मिळत नसे.

*

भाषांचे पेपर बरे गेले. केंद्र तालुक्याच्या गावी होतं. कारखान्याची जीप आम्हाला सकाळी सोडी, सोबत आई येई आणि दोन डबे येत, एक माझा आणि एक जयमालाचा. विज्ञानाच्या आदल्या संध्याकाळी जयमाला उजळणी संपवून निघाली तेव्हा आईनं तिला स्वयंपाकघरात बोलावलं. मी आतल्या खोलीत पडलो होतो. लाडवांच्या डब्याचं झाकण निघाल्याचा आवाज आला, आणि मग आईचा, खाली उतरलेला.

“बाळ, एवढं कर. तो चुकतोय असं वाटलं तर पेन नुसतं टेबलावर टेकव दोनदा. बोलायचं नाही, काही नाही. कुणाला कळणार आहे? त्याच्या जन्माचा प्रश्न आहे गं.”

जयमाला काही बोलली नाही. आईनं तो होकार धरला. रात्री जेवताना तिनं मलाही सांगून टाकलं, आणि माझ्या छातीवरचं काहीतरी उतरल्यासारखं झालं. सगळे धडे पाठ असूनही त्या दिवसांत मला एकच भीती होती, आपल्या चुका आपल्याला दिसणार नाहीत याची. आता त्यांना आवाज मिळणार होता.

मला इतर मुलांपासून वेगळं, त्या शाळेच्या प्रयोगशाळेत बसवत. स्पिरिटचा आणि जुन्या लाकडाचा वास. पर्यवेक्षक चौगुले सर म्हणून होते, वयस्कर, दम्याचे. उत्तरपत्रिका देताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि जयमालाला हलकेच म्हणाले, “पोरी, सावरून घे हं त्याला. पुण्य लागतं.” मग खुर्ची ओढल्याचा आवाज झाला. खुर्ची दाराशी गेली, आणि त्यांच्या खोकल्यावरून कळलं की त्यांनी तोंड व्हरांड्याकडं करून घेतलंय.

साऱ्या जगानं आपल्यासाठी पाठ फिरवली आहे असं मला वाटलं, आणि तेव्हा ते सुखाचं वाटलं.

मानवी डोळ्यावर प्रश्न होता. दृष्टिदोष आणि त्यांचे उपाय, सविस्तर. मला हसू आलं. हा धडा मला जितका ठाऊक होता तितका त्या केंद्रावर कुणालाच ठाऊक नसेल. मी तो डॉक्टरांच्या दिव्याखाली बसून शिकलो होतो. मी वाक्यं जुळवली आणि सांगू लागलो. भिंग, बुबुळ, पडदा. जवळचं दिसणं आणि लांबचं न दिसणं. पेन चालत होतं. निकटदृष्टितेसाठी बहिर्गोल भिंगाचा चष्मा वापरतात, मी सांगितलं, दूरदृष्टितेसाठी अंतर्गोल. आणि मी क्षणभर थांबून ऐकलं. टेबलावर टकटक झाली नाही. पेन पूर्णविरामापर्यंत आलं आणि माझी वाट पाहत थांबलं. बरोबर आहे तर, मी मनात म्हटलं, आणि त्याच पायावर पुढचा सगळा परिच्छेद उभा केला, किरण कुठं वळतात, कुठं मिळतात, का.

“वाचून दाखवू?”

“दाखव.”

तिनं वाचलं. तिच्या आवाजात सगळंच पाठ्यपुस्तकासारखं वाटत असे.

“पुढं जाऊ?” तिनं विचारलं.

“जाऊ.”

*

बाहेर लिंबाखाली मुलांचा कलकलाट होता. त्यात कुणीतरी म्हणालं, जवळचं दिसणाऱ्याला अंतर्गोल, दुसरं म्हणालं, मग काय तर, सोपाच होता. मी तिथंच उभा राहिलो. आईनं माझा चेहरा पाहिला असावा. तिनं एकेक करून विचारून घेतलं, आणि मी सांगितलं, भिंगं उलटी झाली, आणि त्याबरोबर सगळं उत्तरच.

“तुला ठाऊक नव्हतं का गं?” आई जयमालाला म्हणाली. “तूच तो धडा त्याला चार वेळा वाचून दाखवलास. मी ऐकलाय.”

जयमालाच्या बाजूला डब्याची कडी वाजली.

“मी सांगितलं होतं तुला. फक्त पेन टेकवायचं होतं.”

“हेडसर म्हणाले होते,” जयमाला म्हणाली, “सांगेल ते लिही.”

आई रडली नाही, चिडलीही नाही. ती फक्त जीपमध्ये जाऊन बसली. संध्याकाळी ती हेडसरांकडं जाऊन आली. अर्ज दिला तर उरलेल्या दोन पेपरांना प्रसन्न मिळू शकेल, ते म्हणाले होते; मात्र मुलानं स्वतः तसं मागायला हवं. पाटणकर बाई मुद्दाम घरी आल्या. अण्णा दुसऱ्या पाळीला गेलेले. बाईंनी विचारलं, “निवास, काय करायचं? तू सांग.”

खोलीत पुन्हा तीच शांतता, फक्त आता जयमाला तिच्यात नव्हती. प्रसन्नचं धावतं पेन मला आठवलं. त्याच्या वेगात केवढा विसावा होता. मी वाक्य जुळवत बसलो आणि ते जुळेना.

“जयमालाच,” मी म्हणालो.

“का रे?” आईचा आवाज थकला होता.

“तिची सवय झालीय.”

याहून खरं त्या वेळी माझ्याकडं काही नव्हतं.

पुढच्या पेपरला आईनं एकच डबा भरला. मधल्या वेळी मी तो उघडला, चाचपून पोळी मोडली आणि अर्धी डाव्या बाजूला सरकवली. जयमालानं ती घेतली; चावण्याचा आवाज आला, दुसरा कुठला नाही. चौगुले सरांनी खुर्ची आजही दाराशी नेली होती. पण त्या दिवशी सांगायला सुरुवात केली आणि माझ्या लक्षात आलं की माझा कान पेनाकडं नाही. तिथून काही येणार नाही हे पक्कं ठाऊक होतं, म्हणून तो मोकळा झाला होता. आतल्या वाक्याला स्वतःचा एक आवाज असतो, चुकलं तर ते आतल्या आतच बद्द वाजतं, हे मी प्रथम त्या प्रयोगशाळेत ऐकलं. दोनदा मी वाक्य ओठांपर्यंत आणून परत नेलं. पेन थांबून राहिलं, जितका वेळ लागेल तितका वेळ.

पुढं आयुष्यभर मी कुणाला ना कुणाला सांगत आलो आणि कुणी ना कुणी लिहीत आलं. माझ्या नावावर आज जी काही पुस्तकं आहेत ती अशीच उतरली. लेखनिक अनेक लाभले, माझ्याहून विद्वान, माझ्याहून रसिक. प्रत्येकाला मी पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगतो. ती हेडसरांचीच आहे.

*

निकाल लागला तेव्हा जून कोरडाच उगवला होता. कारखान्याची चिमणी गप्प होती आणि त्यामुळं कॉलनी जास्तच मोठी वाटत होती. अण्णांनी शाळेतून गुणपत्रिका आणली, खुर्चीवर बसून एकेक विषय वाचला. पहिला वर्ग थोडक्यात हुकला होता. विज्ञानाचा आकडा वाचून झाला तेव्हा आई पुटपुटली, “ते एक भिंग,” आणि पदराचा आवाज झाला.

अण्णांनी कागदाची घडी केली.

“ह्यातले तुझे किती?” त्यांनी विचारलं.

“सगळे,” मी म्हणालो.

हा शब्द मी जुळवला नव्हता. तो आधीपासून उभाच होता.

अण्णांनी ती घडी खिशात घातली. मग त्यांनी आईला विचारलं, “पहिली गाडी कितीला सुटते?”

“मिरजेची?”

“सांगलीची. कॉलेजचा फॉर्म आणायला नको?”

आईला ते समजायला वेळ लागला. पहिला वर्ग कुठाय, ती म्हणाली, तुम्ही तर म्हणाला होता. मी निकाल लागू दे म्हणालो होतो, अण्णा म्हणाले. वर्गाचं कधी बोललो? आणि मग बुटाची नाडी बांधता बांधता, खाली वाकलेल्या आवाजात, त्यांनी आणखी थोडं सांगितलं. त्यांच्या मानानं ते भाषणच होतं. “त्या प्रसन्नला बदला म्हणून हेडसरांना मीच सांगितलं होतं. नमुन्यात बाहेरचं पाणी पडलं की रीडिंग कितीही चांगलं येवो, त्याचं काय करायचं? हा पोरगा शिकू शकतो का नाही, मला तेवढंच बघायचं होतं.”

ते गेल्यावर आई स्वयंपाकघरात काही वेळ नुसती उभी होती. मग पेढ्यांचा पुडा सोडल्याचा आवाज आला, आणि तिनं एक डबा माझ्या हातात ठेवला. “आधी सुतारांकडं दे,” ती म्हणाली. “देवाला नंतर ठेवते.”

सुतारखात्याच्या चाळीपर्यंत मी काठी टेकत एकटा गेलो. ती वाट मुरमाची होती, पायाखाली चुरचुरणारी. जयमाला दारातच होती. नळाला पाणी आलं होतं आणि तिच्या हातात कळशी असावी, कारण बांगड्या धातूवर वाजल्या.

“आईनं दिलेत,” मी डबा पुढं केला.

“काकूंनी?”

“हो. आधी तुमच्याकडं दे म्हणाली.”

तिनं डबा घेतला, आत ठेवून आली. मी तिथंच उभा होतो. मला तिला काहीतरी म्हणायचं होतं, आणि त्या गोष्टीला जे शब्द असतात ते मला सगळे प्रसन्नच्या हातचे वाटत होते, नीट केलेले. म्हणून मी निराळंच सांगितलं.

“सांगलीला जाणार आहे मी. कॉलेजात.”

“बरं झालं,” ती म्हणाली.

“जयमाला, भिंगाचं तुला ठाऊक होतं ना?”

कळशी या हातातून त्या हातात गेल्याचा आवाज आला.

“हात जरा जरी मंदावला असता तरी मला कळलं असतं. तुलाही ते ठाऊक होतं. मंदावू नये म्हणून किती सराव केलास तू? घरी बसून करायचीस का?”

कळशी तिनं कमरेवर घेतली. मग ती माझ्या बाजूनं, अंगाला न लागता, पुढं गेली आणि नळाच्या दिशेनं चालू लागली. मी कान लावून उभा राहिलो. तिची पावलं मुरमावर वाजत गेली, चाळीच्या टोकापर्यंत, वळणावरून पलीकडं. एकाच चालीनं, कुठंही न मंदावता.